सतरा काड्या

"हा व्रण कसला?" टिकेकर बाईंनी विचारलं.

इंदूची हनुवटी वर उचलून त्यांनी खालून वाकून पाहिलं होतं आणि अंगठा बरोबर त्या जागेवर ठेवला होता. हनुवटीच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ होती. समोरून बघणाऱ्याला ती दिसायची नाही.

"त्यो व्हय? साळंच्या मैदानात खेळताना खरचटलं हुतं," आई म्हणाली. "घसरगुंडीवर."

"नुसतं खरचटलं, की जोरात आपटली होती?"

"न्हाई वो बाई. रडली बी न्हवती. दोन दिसात भरलं."

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्याची मागची भिंत होती आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्या चादरी मी मोजल्या, अकरा होत्या.

इंदू माझी धाकटी बहीण, तेव्हा अठरा वर्षांची. तिचं तोंड उघडत नव्हतं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट, बस्स. सहा वर्षांची होईपर्यंत पोरगी ठणठणीत होती, उसाची कांडी दातांनी सोलायची. मग दरवर्षी थोडं थोडं करत तोंड मिटत गेलं. हनुवटी वाढायची थांबली आणि डाव्या बाजूला सरकली. गल्लीतली पोरं तिला चिमणी म्हणायची. तिचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी, आंबील नाहीतर पातळ पिठलं, आणि तेही दातांच्या फटीतून आत ढकलायचं. आमची पिठाची गिरणी. घरात पिठाला तोटा नव्हता, पण भाकरीचा तुकडा तोडणं त्या पोरीच्या नशिबात नव्हतं. बोलायची ती दात आवळूनच. शब्द स्वच्छ यायचे, पण नव्या माणसाला वाटायचं ही आपल्यावर चिडलीय.

विट्यापासून सांगलीपर्यंतचे सगळे डॉक्टर झाले होते. कुणी म्हणालं दातखीळ, कुणी म्हणालं शिरा आखडल्या. शेवटी कुणीतरी मिरजेच्या या बाईंचं नाव सांगितलं आणि आई, इंदू आणि मी सकाळच्या एसटीनं आलो. वडील, आमचे आण्णा, जाऊन पाच वर्षं झाली होती. गिरणी मीच बघत होतो, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष म्हणून मला खुर्ची मिळाली होती.

बाई माझ्याकडे वळल्या. "कानाच्या पुढं बोट ठेवा. इथं. आता तोंड उघडा आणि मिटा. काय लागतंय?"

बोटाखाली गोटीसारखं काहीतरी पुढं सरकलं आणि मागं आलं. बावीस वर्षांचा झालो होतो, पण आपल्या तोंडाला इथं बिजागर आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आता तिच्या कानापुढं ठेवा."

इंदूच्या कानापुढं मी बोट ठेवलं. ती तोंड उघडायचा प्रयत्न करत होती, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. बोटाखाली काहीच हललं नाही.

"डावीकडचा सांधा राहिलेलाच नाही," बाई म्हणाल्या. "खालच्या जबड्याचं हाड कवटीला चिकटून एक झालंय. ते कापून मोकळं करता येतं. पण आधी मला सांगा, हे झालं कसं? बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. लहानपणी हनुवटीवर जोराचा मार बसतो, हनुवटीला काही होत नाही, पण तो दणका वर जाऊन सांधा मोडतो. नाहीतर कान पिकतो आणि पू सांध्यापर्यंत जातो."

आईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. ही वेळ कधीतरी येणार हे ठरलेलंच असल्यासारखी ती खाली बघत बोलली.

"माझ्यामुळं झालं बाई. ऐतवार हुता. न्हाऊ घातलं आन् केसातल्या आकड्यानं हिच्या कानातला मळ काढला. ह्याच कानातला. सांजच्याला बघतोय तर कानातनं रगात. मग चार दिस पाणी यीत हुतं. तवापास्नं हिचं तोंड मिटाय लागलं."

बाईंनी लिहून घेतलं. मग इंदूला विचारलं, "तुला काही आठवतंय? कुठं पडलीबिडली होतीस?"

इंदूचा हात गळ्याकडे गेला. गळ्याची कातडी तिनं चिमटीत धरली आणि मान हलवली, नाही. मला वाटलं, घाबरलीय.

"तुम्ही मोठे ना? तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी कागदावर लिहिलं, आणि लिहिता लिहिता आईला समजावून सांगितलं, "मग कानाचंच असणार. होतं असं. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही." आईनं मान डोलावली. अकरा वर्षं आमची आज्जी जे गल्लीभर सांगत होती, ते आता मिरजेच्या डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात कागदावर उतरलं.

आज्जी म्हणजे वडिलांची आई. "आपल्या हातानं पोरीचं तोंड शिवलंस," हे वाक्य तिनं दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर म्हटलं होतं. त्या रविवारनंतर आज्जीनं आईला इंदूचे केस विंचरू दिले नाहीत. आईनं स्वतःच्या डोक्यातले आकडे काढून टाकले ते कायमचेच. अंबाडा ती काळ्या दोऱ्यानं बांधायची. आज्जी आदल्या वर्षीच गेली होती, पण आकडे काही परत आले नव्हते.

ऑपरेशन आठवड्याभरानं झालं. पाच तास लागले. तोंडच उघडत नसल्यामुळे भूल द्यायची नळी नाकातून, पोरगी जागी असताना घालावी लागली, हे मला नंतर कळलं. आई मारुतीच्या देवळात जाऊन बसली होती. बाई बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात मी एकटाच होतो.

"छान झालं," त्या म्हणाल्या. घामानं त्यांची टोपी कपाळाला चिकटली होती. "टेबलावरच तोंड सतरा काड्या मावतील एवढं उघडलं. आणि ऐका. कानाचं काही नव्हतं ते. हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ही पोर लहानपणी जोरात आपटलेली आहे. सांधा मोडताना कानाची भिंत फाटते, म्हणून कानातून रक्त आलं असणार. तुमच्या आईला सांगा, त्यांच्या आकड्याचा काही संबंध नाही. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

आई देवळातून आली, अंगारा मुठीत. "काय म्हणाल्या बाई?"

"छान झालं म्हणाल्या."

"आन् काय?"

"आणखी काही नाही."

तेव्हा मी स्वतःला बजावलं, की आता कशाला, पोरीचं तोंड उघडलंय, आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे. चोराला पळवाट सापडायला वेळ लागत नाही. खरं एवढंच होतं की मला भीती वाटत होती. ती माराची नव्हती. आईनं मारलं असतं तरी चाललं असतं. भीती होती ती तिच्या 'बारा वर्षं?' एवढ्या एका प्रश्नाची.

घरी सोडताना बाईंनी लाकडी काड्यांचा जुडगा दिला. घसा बघताना डॉक्टर जिभेवर दाबतात तसल्या चपट्या काड्या. त्या एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या, मग मधोमध आणखी एक घुसवायची, की तोंड तेवढं फाकतं. असं दिवसातून सहा वेळा, दर वेळी दहा मिनिटं. आधी गरम पाण्याच्या कपड्यानं शेकायचं.

"खरं ऑपरेशन आता तुमच्या घरी होणार आहे," बाई आईला म्हणाल्या. "ती रडेल. ओरडेल. तरी थांबायचं नाही. आज सतरा आहेत. एक काडी कमी झाली, तर हाड तेवढं पुन्हा सरकलं समजा. सहा महिने. बाराच्या खाली गेली तर पुन्हा कापावं लागेल, आणि दुसऱ्यांदा कापणं पहिल्यासारखं सोपं नसतं."

"व्हय बाई," आई म्हणाली. "मीच करीन."

घर आणि गिरणी एकाच भिंतीला. पहिले तीन दिवस मी भिंतीपलीकडून ऐकलं. इंदूचा आवाज असा काही असेल याची मला कल्पना नव्हती. सहाव्या वर्षापासून दात आवळत गेलेली पोर, तिला तोंड उघडून ओरडता येतच नव्हतं. आता येत होतं. मी पट्टा चढवून गिरणी चालू करायचो. दळण नसलं तरी करायचो. रिकामी गिरणी फिरवली की जाती एकमेकांवर घासून खराब होतात हे गिरणीवाल्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण मी फिरवायचो.

चौथ्या दिवसापासून भिंतीपलीकडं शांत झालं. मला वाटलं, सवय झाली. मी रात्री जेवताना विचारायचो, "किती?" आणि आई ताटाकडं बघत म्हणायची, "सतरा."  इंदू माझ्यासमोर जेवायला बसायची नाही. मी तिच्याकडं नीट बघतच नव्हतो, म्हणून मला काही दिसलंही नाही.

असे अडीच आठवडे गेले.

एका मंगळवारी दुपारी लाइट गेली. गिरणी घरघरत थांबली. चार बायांची दळणं तशीच ठेवून मी घरात आलो. आई न्हाणीच्या चुलीपाशी पाणी तापवत होती. पुढं राखेत एक अर्धी जळलेली चपटी काडी पडली होती. मी वाकून चुलीत बघितलं. जुडगाच्या जुडगा आत होता. सुतळीसकट घातला होता.

"हे काय?"

आई चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली. "मोडल्या हुत्या."

"सगळ्या?"

 मी आत गेलो. इंदू खिडकीशी बसून गहू निवडत होती. "तोंड उघड," मी म्हणालो. तिनं मान फिरवली. मी तिच्या हनुवटीला धरलं, बारा वर्षांत पहिल्यांदाच, आणि म्हणालो, "उघड!" तिनं उघडलं. काड्या तर राहिल्या नव्हत्या, म्हणून मी माझी बोटं उभी करून तिच्या दातांत धरली. दवाखान्यात दोन बोटं आरामात जात होती. आता दुसरं बोट जाईना.

मी तसाच बाहेर आलो. राग कुणाचा होता ते देवाला ठाऊक, पण निघाला आईवर.

"सतरा? रोज सतरा सांगतीस मला? पाच-सहा काड्यांनी मिटलंय तिचं तोंड! डॉक्टरनी घसा फोडून सांगितलं, थांबायचं न्हाई म्हणून. आन् तू काड्या जाळतीस? एकदा मिटवलंस ते पुरं झालं न्हाई व्हय? दुसऱ्यांदा मिटवायला निघालीस?"

हे मी बोललो. मी.

आई उठली नाही. चुलीकडं बघतच म्हणाली, "व्हय बाबा. पयलं बी मीच केलं, दुसरं बी माझ्याच हातनं हुतंय. मी काय करू? काडी धरली की मला त्यो आकडा दिसतोय हातात. ती वराडली की वाटतं, बास, एवढं केलंस त्ये थोडं झालं का? हात ढिला पडतोय माझा. तूच कर बाबा. न्हाईतर कुणी बाई ठीव. माझ्या हाताला ह्या लेकराला शिवायचा हक्क न्हाई."

आणि ती हाताकडं बघायला लागली. दोन्ही हात पुढं धरून, उलटे-सुलटे करून.

तिचे ते हात बघितले आणि मला पुढं गप्प बसता आलं नाही. धैर्यबिर्य काही नव्हतं. उलटी येताना माणसाला थांबवता येत नाही तसं झालं.

"आई, आकड्यानं न्हाई झालं."

ती माझ्याकडं बघायला लागली. त्याच वेळी इंदू आतून धावत आली. तिनं मागून येऊन माझ्या तोंडावर हात दाबला, दोन्ही हात, सगळा जोर लावून. "नगं दादा," ती म्हणत होती, "नगं, नगं, सांगू नगंस." मला वाटलं, ही मला वाचवतेय. मी तिचे हात ओढून काढले.

"मी पाडलं तिला," मी म्हणालो. "तराजूवरनं."

चुलीतली काडी तडतडली. आईनं हळू आवाजात विचारलं, "कंच्या तराजूवरनं?"

आमच्या गिरणीत तेव्हा मोठा तराजू होता. तुळईला टांगलेला, दोन्हीकडं साखळ्यांनी लोंबणारी लोखंडी पारडी. त्यावर बसायचं नाही हा वडिलांचा कायदा होता. तराजू म्हणजे लक्ष्मी, त्यावर कुणी बसलं तर चामडी लोळवीन, असं ते म्हणायचे आणि लोळवायचेही. त्या रविवारी दुपारी अशीच लाइट गेली होती. वडील जेवून पडले होते. मी दहा वर्षांचा, इंदू सहाची, नुकतीच न्हालेली, ओल्या केसांची. मी तिला पारड्यात बसवलं.

"एका बाजूला ती. दुसऱ्या बाजूला मी मापं टाकली," मी आईला सांगितलं. "ती वर गेली. लई हसत हुती. पारड्याच्या काठावरनं खाली बघत हुती."

"मग?"

"मग मी वीस किलोचं माप पारड्यातनं एकदम खाली ढकललं. तिला धप्पकन खाली आणायची हुती. गंमत म्हणून. पारडं आदळलं आन् ती तोंडघशी फरशीवर. हनुवटीवर."

"रडली?"

"न्हाई. आवाजच फुटला न्हाई."

"रगात?"

"थोडं. मी पीठ दाबलं. गव्हाचं. आण्णा मारतील म्हणून मी... घसरगुंडीचं मीच सांगितलं हुतं तुला. आन् मिरजेत बाई म्हणाल्या मला, आईला सांग, आकड्याचं काय न्हाई. मी न्हाई सांगितलं."

 न्हाणीतलं पाणी उकळून भांड्याबाहेर सांडायला लागलं तरी कुणी उठलं नाही. मी वाट बघत होतो, शिव्यांची, चपलेची, कशाचीही.

"सासूबाई गेल्या रे," शेवटी आई म्हणाली. "शेवटच्या दिशी मी पाण्याचा चमचा पुढं क्येला, तर त्यांनी तोंड मिटून घ्येतलं. ह्या हातचं नगं म्हणाल्या. तशाच गेल्या, मनात त्येच धरून."

ती एवढंच बोलली. मला तिनं त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीही, एका शब्दानं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग ती उठली, तोंड धुवायला मागं हौदाकडं गेली. इंदू तिच्या मागं धावली आणि तिनं आईचा पदर धरला. आई हौदावर वाकली, इंदू पदर धरून उभी. आई घरात आली, इंदू पदर धरून मागं. अठरा वर्षांची पोर, पण सोडायला तयार नाही.

"अगं सोड की," आई म्हणाली. "हणमा, सायकल काढ. जा आन् त्या बर्फाच्या गारीगारवाल्या कारखान्यातनं काड्या घिऊन ये. पन्नास आण. आन् बायांची दळणं खोळंबल्याती, त्यांना सांग लाइट आली की देतो म्हणून."

मी काड्या घेऊन आलो तेव्हा चार वाजले होते. आई फडकं शेकायला ठेवत होती. तिच्या अंबाड्यात काहीतरी चमकलं. काळा दोरा सोडून तिनं आकडे लावले होते. बारा वर्षं कुठल्या डब्यात जपून ठेवले होते कोण जाणे, दोन्ही गंजले होते.

इंदू दाराच्या चौकटीत उभी होती, आईवर नजर ठेवून. तिनं मला खूण केली, बाहेर ये. गिरणीच्या ओट्यावर आम्ही उभे राहिलो. तिचा हात पुन्हा गळ्यावर होता, कातडी चिमटीत धरलेली.

"मला का थांबवत होतीस?" मी विचारलं. "मला मार बसंल म्हणून?"

"तुझं काय करायचंय मला," ती म्हणाली. "आई मरंल म्हणून."

मला कळलंच नाही.

"तू शपथ घातली हुतीस. पीठ दाबलंस, मग माझा हात गळ्याला लावलास, असा, आन् म्हणालास, आईची शपथ घे. कुणाला बी सांगितलं तर आई मरंल."

मला ती शपथ आठवत नव्हती. खरंच आठवत नव्हती. पोरं दिवसातून दहा शपथा घालतात. गोट्या चोरल्या तरी आईची शपथ आणि आंबा पाडला तरी आईची शपथ. मी ती घातली, आणि पिठाचे हात झटकून विसरून गेलो. सहा वर्षांची पोर ती धरून बसली. तिच्यासमोर रोज आज्जी आईला बोलायची. तिच्यासमोर आईनं आकडे काढले. तोंड मिटत चाललेल्या त्या पोरीनं एक वाक्य बोललं असतं तर आई सुटली असती, आणि ती बोलली नाही, कारण बोलली तर आई मरेल.

"आता मोठी झालीस की," मी म्हणालो. "खरं वाटतं व्हय तुला तसलं?"

"न्हाई वाटत," इंदू म्हणाली. "पर बगून कसं ठरवायचं? आई काय दोन हाईत?" मग तिनं माझा हात धरला. "दादा, सुटली म्हण. तू घातलीस, तूच सोडवायची. तीनदा म्हणावं लागतंय."

"सुटली," मी म्हणालो. "सुटली."

तेवढ्यात लाइट आली. गिरणीचा दिवा लागला, बाया डबे घेऊन ओट्यावर चढल्या आणि 'आधी माझं, आधी माझं' सुरू झालं. पट्ट्याकडं धावता धावता मी तिसऱ्यांदा म्हणालो. निदान मला तसं वाटतं.

भिंतीपलीकडून थोड्या वेळानं इंदूचा आवाज आला, पहिल्या तीन दिवसांसारखा. पाठोपाठ आईचा, "न्हाई थांबणार. वराड. आजून वराड." मी त्या दिवशी गिरणी कान झाकायला नाही, दळणासाठी फिरवली. बाराच काड्या भरल्या. बाराच्या खाली नाही, एवढंच. पंधरावर यायला दोन महिने लागले आणि सतरावर यायला पाच. त्यापुढं मात्र काही केल्या गेलं नाही. टिकेकर बाई म्हणाल्या, ते अडीच आठवडे वाया गेले नसते तर वीस झाल्या असत्या. आई म्हणाली, चुकलं बाई माझं. मी शेजारीच बसलो होतो.

इंदूची हनुवटी अजून डावीकडंच आहे. ती विट्याला बालवाडी चालवते, दिवसभर तोंड चालू असतं. पेरू चावून खाते, फक्त मोठा असला तर आधी कापून घेते. गेल्या श्रावणात आई गेली. एक्क्याऐंशी वर्षांची होती, दुखणंखुपणं काही नव्हतं, झोपेतच गेली. लोक म्हणाले, पुण्यवान मरण.

तिसऱ्या दिवशी सावडून परत आलो. पाहुणे ओसरीवर बसले होते. इंदूनं मला मागं हौदाकडं बोलावलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, केस पांढरे. बराच वेळ नळाची तोटी उगाच फिरवत राहिली.

"दादा, एक विचारू? हसू नगंस."

"विचार."

"तवा तू तीनदा म्हणाला हुतास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मला दोनदाच आठवतंय," ती म्हणाली. तिचा हात गळ्यावर होता.